पायातली रक्ताची गाठ चोळून विरघळत नाही, तो मेसेज डिलीट करा

मामाचं प्लास्टर निघालं आणि काही दिवसांतच एका पायाची पोटरी टम्म सुजली. मामीनं मला फोन केला तेव्हा तेल गरम करून तयार होतं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून राहिलेला मेसेज तिला कोणीतरी पाठवला होता. त्यात लिहिलंय की पायातली रक्ताची गाठ 21 दिवसांत घरीच बरी होते, गरम तेलानं पोटरी खालून वर जोरात चोळा, लसणाचा काढा घ्या, चालत राहा, डी-डायमर ही रक्ताची टेस्ट आणि डॉपलर ही शिरांची सोनोग्राफी म्हणजे लूट आहे, अन् रक्त पातळ करायच्या गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत. मी उपकेंद्रावर काम करते, आणि हे माझ्याच घरात पोचलं म्हणून लिहून राहिली.

आधी मालिश, कारण यानं माणूस मरू शकतो. ही गाठ कातडीखाली नसते, आतल्या मोठ्या शिरेत असते. जोरात चोळली तर तिचा तुकडा सुटून रक्तासोबत हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकू शकतो. मग अचानक दम लागतो, छातीत दुखतं, कधी खोकल्यातून रक्त येतं, काही लोक तर जागेवरच कोसळतात. असं काही दिसलं तर 108 ला फोन करा, काढा उकळत बसू नका. आपल्याकडं प्लास्टर निघालं की पाय चोळून द्यायला कोणी ना कोणी येतंच, म्हणून परत सांगते, एकच पाय एकदोन दिवसांत सुजला असेल, पोटरी दाबली की दुखत असेल तर त्याला कोणालाच हात लावू देऊ नका. गडचिरोली-चंद्रपूरकडं सुजलेला पाय दिसला की लोक हत्तीपाय म्हणून सोडून देतात, पण हत्तीपाय एका रात्रीत वाढत नाही.

आता लूट. यात अर्धं खरं आहे, मान्य करते. डी-डायमर हाड मोडल्यावर, इन्फेक्शनमध्ये, गरोदरपणात, वय झाल्यावर तसंही वाढतं, म्हणजे रिपोर्ट वाढलेला आला म्हणून गाठ आहेच असं नाही. ज्याच्यावर संशय कमी आहे त्याच्यात गाठ नाही हे ठरवायला ती टेस्ट कामाची. पण संशय किती हे पाहायला तर पैसेच लागत नाहीत, मोजायची टेप लागते! गुडघ्याखाली जे हाड वर आलेलं लागतं त्याच्या 10 सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजायच्या, 3 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असला तर वेल्स स्कोअरमध्ये, म्हणजे गाठीचा संशय किती हे गुणांनी मोजायच्या डॉक्टरांच्या यादीत, एक गुण, अलीकडंच प्लास्टर होतं त्याचा एक, शिरेवर दाबून दुखतं त्याचा एक. दुसरं तितकंच पटणारं कारण दिसलं तर दोन वजा. 2 किंवा जास्त आले की गाठ असायची शक्यता धरायची. मामाचे 3 झाले, म्हणून डॉपलर. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2020 ची गाइडलाइन सांगते की डॉपलर 4 तासांत होत नसेल तर रक्तस्रावाचा धोका बघून रक्त पातळ करायचं औषध आधी सुरू करा आणि डॉपलर 24 तासांच्या आत करा. आपल्याकडं तालुक्याला डॉपलर मिळत नाही तिथं पीएचसीच्या डॉक्टरांसाठी हीच गोष्ट सगळ्यात मोलाची आहे.

लसूण भाजीत खा. गाठीवर तो औषध नाही, आणि गोळ्या चालू असताना वरून काढे घेतले तर रक्तस्राव वाढू शकतो.

चालण्याचं मात्र बरोबर लिहिलंय, औषध सुरू झाल्यावर. जमेल तसं चालायला हरकत नसते, खाटेवर पडून राहायची गरज नाही.

आणि जन्मभर गोळ्या? प्लास्टर, ऑपरेशन असं कारण सापडलं तर बहुतेकांना साधारण 3 महिने. कॅन्सर असेल, किंवा कारणच सापडलं नाही, तर जास्त दिवस लागू शकतात, ते डॉक्टर ठरवतील. या गोळ्या गाठ वितळवत नाहीत, वाढू देत नाहीत, विरघळवायचं काम शरीर हळूहळू करतं, त्यामुळं सूज उतरली म्हणून मधेच बंद करायच्या नाहीत. अपिक्साबान, रिव्हारोक्साबान या रक्त पातळ करायच्या गोळ्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला देत नाहीत, तिला हेपारिनची इंजेक्शनं असतात, म्हणून मामाची चिठ्ठी दाखवून घरातल्या बाळंतिणीसाठी गोळ्या आणू नका.