सलूनचा खून? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

माझ्या 1929 च्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या इंग्रजी गाडीची मूळची सलून (म्हणजे छप्पर-दारांची बंद) बॉडी काढून मी तिची उघडी, दोन सीटची गाडी केली. त्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "चांगल्या सलूनचा खून करून तिच्यावर रेसच्या गाडीचं कातडं चढवलंत. क्रँकशाफ्टही नवा. मग विंटेज उरलं काय, नंबर प्लेट? जुन्या काठाला नवं कापड जोडून पैठणी म्हणून मिरवण्यातलाच प्रकार." काठाची उपमा झोंबली, कारण ती निम्मी तरी खरी आहे. पण 'चांगल्या सलूनचा' हे खरं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ती मला मिळाली एका शेतावरच्या शेडमध्ये, छप्पर नसलेली. या गाड्यांच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅशच्या लाकडाचा असतो (क्रिकेटचे स्टंप करतात तेच लाकूड) आणि त्यावर पत्रा ठोकलेला. दाराच्या खांबाला मी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढल्यावर मागोमाग चहाच्या भुकटीसारखा भुसा सांडला. धड अशी दोन दारं, पुढच्या काचेची चौकट आणि सीटचे सांगाडे एवढंच होतं. सलून परत उभी करायची तर जवळजवळ सगळं लाकूड आणि पत्रा नवाच घालावा लागला असता. तसं केलं असतं तर तुम्हीच पाठ थोपटली असतीत. नव्या लाकडाची सलून प्रामाणिक आणि नव्या अ‍ॅल्युमिनियमची दोन सीटची गाडी लबाड, हे काही मला पटत नाही.

अर्थात मनातलं सांगायचं तर मला उघडी गाडीच हवी होती. लाकूड कुजकं निघालं हे माझ्या पथ्यावरच पडलं.

'विंटेज उरलं काय' याचं उत्तर गाडीच्या खाली वाकलं की दिसतं. सेव्हनची चासी (गाडीचा खालचा सांगाडा) इंग्रजी ए अक्षरासारखी, पुढे निमुळती. तिच्या टोकाला स्प्रिंगचा एकच आडवा पाटा, मागे दोन अर्धवट पाटे. बॉडी या चासीवर नुसती बोल्टांनी बसवलेली. माझी चासी, दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, इंजिन सगळं त्याच गाडीचं आहे. ब्रेकसुद्धा त्या वर्षीच्या पद्धतीचेच ठेवलेत: पायाचा ब्रेक मागच्या चाकांना, हाताचा पुढच्या. (उतारावर दोन्ही एकदम लावायची सवय होईपर्यंत बायको शेजारी बसायला तयार नव्हती.) मी काम करत होतो तेव्हा इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, वाहन नोंदणी खात्याचा गुणांचा नियम होता. जुना नंबर टिकवायला आठ गुण लागत. चासीला 5, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2, इंजिनाला 1. वेगळी चासी असलेल्या गाडीच्या बॉडीला शून्य. सरकारी कारकून रसिक नसतो हे मान्य, पण गाडी कशाला म्हणायचं हे त्याला बरोबर कळलं होतं.

आणि बॉडी बदलणं हा आजकालच्या हौशी लोकांनी काढलेला चाळा नव्हे. त्या काळात रोल्स-रॉइस किंवा बेंटलीसारख्या कंपन्या गिऱ्हाइकाला चासी विकत, बॉडी दुसरा कारागीर बांधायचा. बुगाटीच्या पहिल्या रॉयालवर आधी चक्क पॅकार्डची बॉडी होती, पुढे ती अनेकदा बदलली. बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन'ची गोष्ट तर कोर्टात गेली. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची (फ्रान्समधली चोवीस तासांची) शर्यत जिंकलेली ही गाडी. पुढे तिच्यात मोठं इंजिन बसलं, 1932 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर अपघात होऊन चालक गेला, नंतर तिच्यावर बंद कूपे बॉडी चढली. 1990 मध्ये एक कोटी पौंडांच्या सौद्यावरून लंडनला खटला झाला. घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. न्यायाधीशांनी सांगितलं, 'मूळ' हा शब्द हिला लावता येणार नाही, पण अस्सल ओल्ड नंबर वन हीच. कारण ती मध्येच संपून दुसरी गाडी झाली असं कधीच घडलेलं नाही. माझी गाडी त्या बेंटलीच्या सावलीलाही उभी राहणार नाही, पण मोजायची फूटपट्टी तीच.

क्रँकशाफ्टचं (पिस्टनच्या वरखाली हालचालीतून फिरणारा इंजिनातला दांडा, थोडक्यात क्रँक) वेगळं. सेव्हनच्या 747 सीसी इंजिनात क्रँकला फक्त दोन बेअरिंगं, पुढे एक आणि मागे एक. मधे आधार नाही, त्यामुळे वेग वाढला की तो उडीच्या दोरीसारखा वाकतो. जुना क्रँक तपासायला दिला. चुंबकीय द्रव लावून जांभळ्या दिव्याखाली धरल्यावर दुसऱ्या क्रँकपिनच्या कोपऱ्यात केसाएवढी हिरवी रेघ चमकली. तो तसाच घातला असता आणि रस्त्यात तुटला असता तर अ‍ॅल्युमिनियमचं क्रँककेस (क्रँकभोवतीची पेटी) फाडूनच बाहेर आला असता, आणि क्रँककेस मूळ आहे. एक जुना भाग वाचवायला दुसरा बदलला. जुना क्रँक शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, कधी आलात तर दाखवीन.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. स्वस्तात रेसची गाडी करायच्या नादात इंग्लंडमध्ये असंख्य सेव्हन सलून मोडल्या गेल्या. लोटसवाल्या कॉलिन चॅपमनची पहिली गाडीही 1948 मध्ये सेव्हनवरच बांधलेली. तेव्हा ती भंगाराच्या भावात मिळे, कुणाला हळहळ वाटली नाही. आज धड सलूनवर कुणी करवत चालवली तर मीही तुमच्याच बाजूने भांडेन. दुसरं, माझ्या लेखाचं शीर्षक 'जीर्णोद्धार' होतं आणि बॉडी नवी आहे हे वाक्य पार खाली, सातव्या फोटोनंतर. ती लबाडीच झाली. शीर्षक बदललंय, वाक्य वर आणलंय. गाडीचा आकार सेव्हनच्याच अल्स्टर या रेसच्या मॉडेलसारखा आहे, पण ती अल्स्टर नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. माझी आजी जुने काठ नव्या कापडाला लावायची, पण त्याला पैठणी म्हणत नव्हती. दारं, काचेची चौकट आणि सीटचे सांगाडे याच वर्षीची सलून बांधणाऱ्या एका गृहस्थांना फुकट दिलेत.

पत्रा मशीनवर दाबून घेतला असेल, असंही तुम्ही सुचवलंत. नाही हो. अ‍ॅल्युमिनियमवर आंघोळीचा साबण घासायचा, मागून ज्योत फिरवायची, साबण काळा पडला की थांबायचं. पत्रा मऊ होतो. मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडा. शेपटीचा उजवा गाल तिसऱ्या खेपेला जमला. पहिल्या खेपेला ज्योत सेकंदभर जास्त राहिली आणि पत्रा डोळ्यांदेखत ओघळून गेला.

शेवटी तेलाच्या दाबाचं. काटा दोनवर दिसतोय म्हणजे इंजिन आत्ताच गेलंय, असं तुम्ही म्हणता. या इंजिनात तेल दाबाने बिग-एंडपर्यंत (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगपर्यंत) नेत नाहीत. दोन बारीक नळ्या क्रँकच्या बाजूच्या भोकांकडे तेलाची पिचकारी मारतात, बाकी काम फिरणारा क्रँक करतो. गरम इंजिनात दोन पौंड दाब म्हणजे झकास. काटा पाचाच्या वर चढून बसला की मात्र मी गाडी बाजूला घेतो आणि नळीत कचरा अडकलाय का ते तार घालून बघतो.