परत येणार ना?

स्पॅनिश शिकायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा वाटलं होतं की अवघड असतील ती क्रियापदं. क्रियापदं कसली, त्याच्या आधी व्हिसाचा फॉर्म येतो.

झालं असं की स्पेनमधल्या सालामांका नावाच्या गावात चार आठवड्यांचा कोर्स शोधून काढला. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं! त्या वेळच्या पोरांकडे कुणी बँक स्टेटमेंट मागितलं नसणार. मी फॉर्म उघडला तर प्रवासाचा हेतू विचारलेला, टुरिझमचा चौकोन वेगळा, स्टडीचा वेगळा. आता सकाळी चार तास वर्ग आणि दुपारनंतर उंडारणं, म्हणजे मी नक्की कोण? नवरा म्हणाला, मधे झोपणार आहेस त्याचा पण चौकोन आहे का बघ.

मग चौकश्या सुरू. कळलं की कोर्स ९० दिवसांच्या आत आटपत असेल तर तो स्टुडंटवाला लांबलचक व्हिसा लागत नाही, शॉर्ट स्टे शेंगेनवर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, भागतं. ऐकून जीव भांड्यात पडला, पण पडला तोवर पुढचं वाक्य आलं. हे ९० दिवस कुठल्याही १८० दिवसांतले, आणि सगळ्या २९ शेंगेन देशांत मिळून, म्हणजे कोर्स झाल्यावर सहज म्हणून पॅरिसला जाऊन आलात तरी मीटर चालूच, आणि ते १८० दिवस एक जानेवारीपासून वगैरे नाही मोजायचे, आजच्या तारखेपासून उलटे मागे मागे जायचं. मी एकदा मोजलं, नवऱ्याने एकदा मोजलं, दोघांची उत्तरं वेगळी आली, आणि मी तर अजून घरातच होते.

मैत्रीण म्हणाली, सोड स्पेन, मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाला जा, तिथेही स्पॅनिशच बोलतात, तिथल्या अँटिग्वा गावात एकेका विद्यार्थ्याला स्वतंत्र मास्तर मिळतो. बघितलं. तिथेही ९० दिवसच, आणि ते ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा अशा चौघांत मिळून. भावकीतली जमीन जशी. मुकाट्याने सालामांकावर परत आले.

कागद गोळा करताना एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही का येताय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही, तुम्ही जाणार कधी एवढंच त्यांना हवंय. परतीचं बुकिंग, नोकरीवर परत घेणार असल्याचं ऑफिसचं पत्र, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोंचा. आणि त्या इन्शुरन्समधे मेलात तर प्रेत मायदेशी पोचवायचा खर्च धरलेला हवाच हवा! म्हणजे जिवंत असा नसा, परत जायचंच. फी ९० युरो, ती मात्र व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. परत यायची अट फक्त माणसांना.

मी शेवटी स्टडीवर टिक केली आणि शाळेचं पत्र जोडलं. काउंटरवरच्या मुलीने फाइल चाळली.

"मॅडम, स्पॅनिश येतं का?"

"नाही हो, शिकायलाच तर चाललेय."

"मग नोकरी आहे म्हणता ती?"

"चार आठवड्यांची रजा घेतलीये."

"आणि शिकून काय करणार?"

यावर मी जे बोलले त्यात आवड, छंद, मेंदूचा व्यायाम असं सगळं येऊन गेलं आणि प्रत्येक शब्दागणिक मी जास्त जास्त संशयास्पद होत गेले. ती थंडपणे म्हणाली, "बोटं ठेवा." बोटांचे ठसे देताना गुन्हा कबूल केल्यासारखंच वाटलं. निकाल साधारण १५ दिवसांत, लांबला तर ४५. नवरा रोज विचारायचा, काय म्हणतंय स्पेन?

मिळाला एकदाचा.

पहिल्याच आठवड्यात वर्गात बाईंनी सेर आणि एस्तार काढलं. स्पॅनिशमधे असण्याला ही दोन क्रियापदं. ढोबळमानाने सांगायचं तर मूळचं, ओळखीचं असणं ते सेर, आणि आत्ताची अवस्था, आत्ता कुठे आहोत ते एस्तार. मी या गावची आहे, सेर. मी सध्या सालामांकात आहे, एस्तार. मग बाई म्हणाल्या, गंमत म्हणजे मेलेल्या माणसालाही एस्तारच लावतात. सगळा वर्ग गोंधळला, मेलेला माणूस आत्तापुरता कसा काय? मला लगेच पटलं. माझ्या पॉलिसीत तसंच लिहिलं होतं.