रबर कोटिंग ‘एकाच हातात’ होत नाही

गाडीच्या लोगोवर प्लास्टी डिपसारख्या रबरी स्प्रेचा एक पातळ हात मारा, कंटाळा आला की सालीसारखा सोलून काढा, असा एक मेसेज फिरतोय. त्यातलं ‘सोलून काढा’ खरं, ‘एक हात’ साफ चुकीचं.

पातळ थर सोलला जातच नाही. नखाखाली त्याचे तुकडे पडतात आणि अक्षरांच्या खाचांत अडकलेले कण उकरत बसावं लागतं. (तिथे ब्लेड लावायचा मोह आवरा, रंगावर ओरखडा ठरलेला.) सलग पापुद्रा निघायला चार-पाच हात हवेत, आणि आधीचा हात सुकल्यावरच पुढचा. लोगोभोवती रंग लागू नये म्हणून चिकटवलेली मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढायची. वाळल्यावर ओढली तर लोगोवरचा थरही तिच्याबरोबर उचलून येतो.

ज्यांनी एकच हात मारून ठेवलाय त्यांनी खरवडू नका. त्यावरच आणखी तीन-चार हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग कडेपासून हळूहळू सोला. जुना थर नव्यासोबत निघतो.

या कोटिंगला ‘पेट्रोलने काही होत नाही’ असं म्हणतात, तेही खोटं. पेट्रोल सांडलं की हे रबर मऊ पडून सुरकुततं. टाकीच्या झाकणाजवळ तर ते नकोच.