हातोडेवाले

सकाळी उठून मोबाईल उघडला आणि डोकंच फिरलं. व्हिडिओत कुणीतरी जुनं, जाम झालेलं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, आडवं टाकलंय, प्लगच्या भोकात सळई घातलीय आणि वरून दणादण हातोडा. पिस्टन फुटला तर हा हसतोय! खाली लोकांचेही हसरे चेहरे.

अरे, जाम झालं म्हणजे मेलं असं कुणी सांगितलं तुला?

माझं जॉन्सन सीहॉर्स, 1950च्या दशकातलं, साडेपाच हॉर्सपॉवरचं. जाम आहे हे माहीत असूनच घेतलं. विकणारे आजोबा म्हणाले, "शेवटचं चालवलं तेव्हा मस्त चालत होतं." शेवटचं म्हणजे कधी, ते कुठलाच विकणारा सांगत नाही. दोरी ओढून पाहिली, जागची हलेना. तरी उचलून आणलं. तुम्ही मंडळींनीही आणलंच असतं, मला माहितीय.

टू-स्ट्रोकचा स्वभावच तसा. तेलाची वेगळी साठवण नाही, पेट्रोलबरोबर येईल तेवढंच ऑइल. वर्षानुवर्षं पडून राहिलं की दमट हवा आत शिरते, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा तिला चिकटतात. आजार एवढाच. हातोड्याने फुटतो तो बिचारा ॲल्युमिनियमचा पिस्टन, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. गंज जिथल्या तिथे.

मी वरचा स्टार्टर उतरवला, प्लग काढले, भोकं वर येतील असं इंजिन टेकवून ठेवलं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि असिटोन निम्मं-निम्मं करून आत सोडलं. सकाळी थोडी भर घालायची, संध्याकाळी फ्लायव्हीलच्या, म्हणजे वरच्या जड चाकाच्या, नटाला पाना लावायचा, घट्ट करायच्या दिशेने, बेताच्या जोराने. चौथा दिवस, सातवा दिवस, ढिम्म. अकराव्या दिवशी पाना किंचित सरकला. वाटलं, नटच फिरला असणार. फ्लायव्हीलवर खडूने रेघ मारली आणि पुन्हा जोर लावला. रेघ हलली! करंगळीच्या नखाएवढी असेल. धावत घरात जाऊन सांगितलं, तर कुणाला त्यात काहीच वाटलं नाही.

कधी कधी हेड काढून लाकडी ठोकळ्यावरून टोले द्यावे लागतात, ठीक आहे. पण अलगद.

आणि "नवीन फोर-स्ट्रोक घे की" म्हणणाऱ्यांनो, हो, धूर कमी, पेट्रोल कमी, एका ओढीत सुरू. मान्य. पुढे बोलू नका. ओले एव्हिनरूडने 1909 मध्ये आपली इंजिनं विकायला काढली, त्याच्या नावाची आउटबोर्ड 2020 मध्ये बंद झाली. जॉन्सन हे नाव तर त्याच्याही आधी गेलं. आता आहेत तेवढीच. त्यातलं एक आज एकाने हसण्यासाठी फोडलं.

सुटल्यावर काम संपतं असंही नाही. माझ्या कॉइल तडकलेल्या, पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरचं, म्हणजे पंख्याचं, रबर लाकडासारखं कडक, गिअरचं तेल दुधासारखं पांढरं, म्हणजे सीलही गेलेलं. महिने गेले त्यात. 24 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल घालून पहिल्यांदा फुरफुरलं तो दिवस मोठाच होता. पण कुणी विचारलं की माझ्या तोंडून आधी ती खडूची रेघच निघते.

एवढं लिहून झालं, आता खरं सांगून टाकतो. सीहॉर्सच्या आधी माझ्याकडे एक छोटं सिंगल सिलिंडर होतं. तेही जाम. तिसऱ्या संध्याकाळी माझा धीर सुटला आणि मीही सळई घातली. हसलो नव्हतो, एवढाच फरक.

तो पिस्टन अजून कामाच्या टेबलावर आहे. वॉशर ठेवायला वापरतो. बारके वॉशर भोकातून खाली पडतात, तरी त्यातच ठेवतो.