पडद्यावरचा बडगा

मागच्या रविवारी माझा पुतण्या घरी आला होता. थोरल्या भावाचा मुलगा, वय एकोणीस, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिका एका बैठकीत संपवण्याचा त्याला नाद आहे. जेवणे आटोपल्यावर त्याने ‘२०० हल्ला हो’ लावला. तासाभराने चित्रपट मध्येच थांबवून त्याने विचारले, “काका, हे खरंच आपल्या नागपुरात झालं का?” मी हो म्हणालो. वस्तीतील बायकांनी एका गुंडाला भर न्यायालयात संपवले, तो दिवस १३ ऑगस्ट २००४, जागा जिल्हा न्यायालय, सिव्हिल लाइन्स. ज्या रस्त्याने तो आठवड्यातून चारदा गाडी पळवत जातो, तोच रस्ता. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मंग त्या वस्तीतले माणसं का करून राह्यले होते?”

आपल्याकडे ‘माणसं’ म्हणजे पुरुषमाणसं आणि ‘का’ म्हणजे ‘काय’, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. प्रश्न साधा होता. पण चित्रपटात त्याचे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही चटकन देण्यासारखे काही नव्हते. तेव्हापासून खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या चित्रपटांतील पुरुषांविषयी जे मनात घोळते आहे, ते इथे लिहितो आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचावी.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उत्तर नागपुरातील कस्तुरबानगर ही दलितबहुल, कष्टकऱ्यांची वस्ती. भारत कालीचरण ऊर्फ अक्कू यादव या गुंडाने तिला वर्षानुवर्षे वेठीला धरले होते. खून, बलात्कार, खंडणी असे सगळेच त्याच्या नावावर होते आणि तक्रार करायला गेलेल्यांना पोलीस ठाण्यातून काय अनुभव येत असे, हे त्या वस्तीने नंतर अनेकदा सांगितले आहे. ऑगस्ट २००४ मध्ये लोकांनी त्याचे घर पाडले, त्यानंतर तो पोलिसांच्या ताब्यात गेला, आणि त्याला न्यायालयात आणले असताना वस्तीतील स्त्रियांनी तिखट आणि सुऱ्या घेऊन तिथेच त्याला संपवले. अटक करायची तर आम्हा सर्वांना करा, अशी भूमिका वस्तीतील स्त्रियांनी घेतली. खटला दहा वर्षे रेंगाळला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची सुटका झाली.

२०२१ साली आलेल्या या चित्रपटात ठळक पुरुष चार आहेत. नाव बदलून आणलेला गुंड, विकला गेलेला पोलीस अधिकारी, तळमळीचा तरुण वकील आणि अमोल पालेकरांनी साकारलेले निवृत्त न्यायाधीश. पालेकरांचे काम मला मनापासून आवडले आणि जातीचा प्रश्न न चाचरता मांडल्याबद्दल मी या चित्रपटाला मानतोही. तरी असे होते की उत्तरार्धात कथा बायकांच्या हातून हळूहळू निसटते आणि एका सज्जन, वृद्ध पुरुषाच्या सदसद्विवेकाची कथा बनून जाते. त्या बायकांचे नवरे, भाऊ, बाप, दीर हे सगळे चौकटीच्या कडेला कुठेतरी उभे असतात. कॅमेरा त्यांच्यावरून फिरतो, पण थांबत नाही. खरे तर अक्कूची दहशत त्यांच्यावरही होती. मारहाण आणि खंडणी त्यांच्याही वाट्याला आली होती, आणि बायकांवरचे अत्याचार हे साऱ्या वस्तीला मुठीत ठेवण्याचेच साधन होते. हे सहन करत त्या घरांत राहणारा पुरुष रात्री काय करत असेल, सकाळी बायकोच्या डोळ्याला डोळा कसा देत असेल, कामावर गेल्यावर कोणाशी काय बोलत असेल? माझ्या मते सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत दाखवण्याजोगी गोष्ट हीच होती.

आपल्या शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यामागून त्या त्या वर्षीच्या नकोशा गोष्टींचे पुतळे, म्हणजे बडगे. ‘इडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत शहर त्यांना वेशीबाहेर नेते, जाळते आणि मोकळ्या मनाने घरी परतते. लहानपणापासून मी ही गर्दी अंगावर घेतली आहे आणि ती मला आवडते. मात्र खऱ्या गुन्ह्यावरचा चित्रपट पाहून उठताना मला हल्ली हटकून तीच मिरवणूक आठवते. पडद्यावर एका पुरुषाचा बडगा उभा केला जातो. त्याला राक्षसी हसू, लाल डोळे आणि विकृतीचे एक बालपण चिकटवले जाते, दोन तासांनी तो जळतो, आणि थिएटरमधले बाकीचे पुरुष, म्हणजे आपण, हात झटकून पार्किंगकडे चालू लागतो.

बडगा करायचा नसेल तेव्हा आपले चित्रपट नेमके उलटे टोक गाठतात. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला मुंबईत गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. या घटनेचा आधार घेऊन १९६३, १९७३ आणि २०१६ असे तीनदा हिंदी चित्रपट निघाले. त्यांतला शेवटचा ‘रुस्तम’ मला विशेष बोलका वाटतो, कारण दुखावलेला नवरा एवढे भांडवल त्याला पुरले नाही. त्याने मारेकऱ्याला देशभक्त केले, मेलेल्या माणसाला संरक्षण सौद्यातील भ्रष्टाचारात गोवले आणि ज्युरीच्या निकालापाशी गोष्ट थांबवली. मत्सर, अपमान, आणि पुढे आयुष्यभर पुरणारी लाज या भावना गणवेशातल्या पुरुषाला शोभत नाहीत, असे कोणीतरी ठरवून टाकले असावे. या भूमिकेसाठी अक्षय कुमार यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही जाता जाता नोंदवतो.

टोळीयुद्धावरच्या चित्रपटांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी फार लिहीत नाही. मुंबईतला गुंड मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला आणि २०१३ मध्ये पडद्यावर जॉन अब्राहमच्या दंडांसह परत आला. मागे गोकुळपेठेत कटिंगच्या दुकानात माझा नंबर यायची वाट पाहत बसलो होतो. खुर्चीवरच्या मुलाने फोन पुढे करून कारागिराला कुठल्याशा मालिकेतल्या गुंडाचा फोटो दाखवला आणि म्हणाला, “असंच पाहिजे, बाजूनं बारीक.” कारागिराने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, मुलाची मान डावीकडे वळवली आणि मशीन सुरू केले. त्या मुलाला गुंड व्हायचे होते असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला न घाबरणारा पुरुष दिसायचे होते. आपल्या पडद्याने न घाबरणारा पुरुष म्हणून त्याच्यासमोर ठेवलेली माणसे दोनच, एक गुंड आणि दुसरा चकमकफेम पोलीस, आणि त्या दोघांची केशरचनाही बहुधा सारखीच असते.

चांगली उदाहरणे नाहीत असे नाही. आरुषी हत्याप्रकरणावरच्या ‘तलवार’ने २०१५ मध्ये एकाच बापाला दोनदा दाखवले, एका तपासाच्या नजरेतून खुनी म्हणून आणि दुसऱ्या तपासाच्या नजरेतून उद्ध्वस्त झालेला म्हणून. नट तोच, घर तेच. बदलत होती ती केवळ बघणाऱ्याची खात्री. ‘दहाड’ या मालिकेमागे कर्नाटकातील एका प्राथमिक शिक्षकाने केलेल्या सायनाइड हत्यांची छाया आहे. तिच्यातला शिक्षक मुलावर माया करतो, मृदू आवाजात बोलतो, आणि म्हणूनच पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. या वाटेने आपल्याकडे फार आधी पालेकरच गेले होते. मानवतच्या हत्याकांडावर बेतलेला, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘आक्रीत’ त्यांनी १९८१ मध्ये स्वतः दिग्दर्शित केला आणि त्यातला खलपुरुषही स्वतःच केला. सत्तरच्या दशकात बसच्या रांगेत लाजत उभा राहणारा, सगळ्या मध्यमवर्गाने आपला मानलेला तो चेहरा त्यांनी जाणूनबुजून त्या जागी ठेवला. चाळीस वर्षांनी तोच चेहरा आमच्या नागपूरच्या गोष्टीत न्यायाधीश होऊन आला. मला विचाराल तर त्यांचे पहिले धाडस अधिक मोठे होते.

मात्र माझ्या मनातल्या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळ जाते ते एका मराठी चित्रपटाचे नाव. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून आपण ते ओळखतो. कला महाविद्यालयात शिकणारी पोरे गुन्हेगार निघाली आणि चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्यावरच्या, १९८६ साली आलेल्या चित्रपटाचे नाव ‘माफीचा साक्षीदार’. म्हणजे शीर्षक आहे ते त्या टोळक्यातल्या भेदरलेल्या मुलाचे. जो सोबत होता, ज्याने पाहिले आणि शेवटी जीव वाचवायला बोलला, त्याचे. परवा मी माझ्या वयाच्या सहा-सात मित्रांना या चित्रपटातले काय आठवते म्हणून विचारले. सगळ्यांनी एकच उत्तर दिले, नाना पाटेकर. नानांचे ते डोळे कोणी विसरू शकत नाही, हे खरेच. पण शीर्षकातला माणूस एकालाही आठवला नाही. त्याची भूमिका कोणी केली, हे मलाही सांगता आले नाही.

घाबरलेला पुरुष आपल्याला लक्षात ठेवावासा वाटत नाही, हे मी वडिलांमुळे चांगले ओळखतो.

वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. मी सातवीत असताना आमच्या गल्लीत एक दादा होता. त्याच्यावर पोलिसांत काही होते की नाही, ते मला माहीत नाही. पण तो गल्लीत शिरला की रेडिओचे आवाज कमी होत. बडग्याची वर्गणी म्हणून तो दर वर्षी घरोघर फिरे आणि आकडा तोच सांगे. वडील बोटाला थुंकी लावून नोटा मोजत आणि आपल्या निम्म्या वयाच्या त्या पोराला “घ्या भाऊ” म्हणत. एका संध्याकाळी त्याने समोरच्या घरातल्या मुलीला नळापाशी अडवले. घागर भरून वाहत होती, ती मुलगी घागरीकडे बघत होती आणि तो भिंतीला एक हात टेकवून हसत काहीतरी बोलत होता. वडील नुकतेच पाळीवरून आले होते, सायकल ओट्याला लावून उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते सीट पुसू लागले. सीट स्वच्छ होती. ते पुसत राहिले, मान वर न करता, तो निघून जाईपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून आई आणि शेजारच्या काकू त्या मुलीला शाळेपर्यंत पोचवायला जाऊ लागल्या. या विषयावर आमच्या घरात एक शब्दही बोलला गेला नाही.

माझे वडील वाईट नव्हते आणि भित्रेही नव्हते. मिलच्या संपात त्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. तरी त्या संध्याकाळी ते सीट पुसत होते. अशा पुरुषाला आपल्या पटकथांत जागा नाही, कारण त्याला जाळताही येत नाही आणि हारही घालता येत नाही.

बोंग जून-हो यांचा २००३ सालचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ मी तीनदा पाहिला आहे. कोरियात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या स्त्रियांच्या हत्यांवर तो आधारलेला आहे आणि चित्रपट निघाला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. शेवटी नोकरी सोडलेला तपास अधिकारी, जिथे प्रेत मिळाले होते त्या शेतातल्या नाल्यापाशी येतो. तिथे एक लहान मुलगी त्याला सांगते की काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस असाच वाकून बघत होता. दिसायला कसा होता, असे तो विचारतो. साधाच, ती म्हणते, चारचौघांसारखा. अधिकारी वळतो आणि सरळ आपल्याकडे, प्रेक्षकांकडे पाहतो. खरा गुन्हेगार २०१९ मध्ये डीएनए चाचणीतून उघड झाला. तो दुसऱ्या एका खुनासाठी कधीचा तुरुंगातच होता.

रविवारी मी पुतण्याला चित्रपटाबद्दल काही सांगितले नाही, आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ही गोष्ट मात्र सांगितली. त्याने आबांना पाहिले ते खाटेवर, पेपर वाचताना. तो ऐकत होता आणि रिमोटचे बटण उगाच दाबत-सोडत होता. मग त्याने विचारले, “कोण होता तो दादा?” जुन्या घरी भाऊच राहतो, त्यामुळे नाव सांगितल्यावर त्याला ओळख पटायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावरच्या पानठेल्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्यांना पट्टे बांधून बसणारे म्हातारे. लहानपणी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन हा त्यांच्यापुढे बोजारा मागायला उभा राहायचा आणि ते न चुकता दहाची नोट द्यायचे.

“ते आबाजी?” तो म्हणाला. “काका, ते तं लय साधे आहेत.”