बाळाचं स्वादुपिंड नवव्या महिन्यात तयार होतं? नाही

डोहाळजेवणाचे फोटो पडतात त्या सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा पुढं ढकलला जातोय: ‘बाळाचं स्वादुपिंड नवव्या महिन्यात यकृतातून सुटं होतं. तोवर आईचं इन्सुलिन नाळेतून बाळाला पुरतं. म्हणून सातव्या महिन्याआधी साखर तपासू नका.’

‘नवव्या महिन्यात.’ गर्भधारणेपासून चौथा आठवडा संपता संपता आतड्याच्या पहिल्या भागाला, म्हणजे ड्युओडेनमला, पाठीच्या बाजूनं एक फुटवा येतो. पाठोपाठ पोटाच्या बाजूनं दुसरा, लहान. सातव्या आठवड्यापर्यंत दोन्ही एक होतात आणि आठव्याच्या आसपास इन्सुलिनच्या पेशी दिसू लागतात. (सोनोग्राफीच्या कागदावरचे आठवडे शेवटच्या पाळीपासून असतात, तिथं दोन मिळवा.) १९२१ साली टोरोंटोत इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि बेस्ट यांनी खाटिकखान्यातून गायीच्या पोटातल्या वासरांची स्वादुपिंडं आणली ती याचसाठी: त्यांत इन्सुलिन असतं, पण ते नासवणारे पाचक रस अजून नीट तयार झालेले नसतात.

‘यकृतातून.’ इथं गफलत कशी झाली ते कळतं. धाकटा फुटवा येतो तो पित्तनलिकेच्या बुडाशी, यकृताच्या अगदी शेजारी. पण शेजार म्हणजे जन्म नव्हे. उंदरात पीडीएक्स-१ हे जनुक निकामी केलं तर यकृत होतं, स्वादुपिंड होत नाही.

खरी गंमत पुढं आहे. ड्युओडेनम वळतं तसा हा धाकटा पित्तनलिकेला धरून त्याच्या मागून फिरतो आणि थोरल्याच्या खाली येऊन चिकटतो. स्वादुपिंडाच्या डोक्याचा खालचा भाग त्याचा. बाकी डोकं, धड, शेपूट थोरल्याचं. नळ्यांची मात्र अदलाबदल होते: थोरल्याचा रसही बहुतेक धाकट्याच्या तोंडातून बाहेर पडतो. म्हणूनच पित्ताचा खडा त्या सामाईक तोंडाशी अडकला की स्वादुपिंड सुजतं. नळ्या जुळल्याच नाहीत तर दोन वेगळी तोंडं राहतात. असं बऱ्याच जणांत असतं आणि बहुतेकांना कधी कळतही नाही. धाकट्याचा भाग ड्युओडेनमभोवती कड्यासारखा राहिला तर मात्र आतडं आवळलं जातं आणि बाळ जन्मल्यापासून उलट्या करतं.

‘आईचं इन्सुलिन पुरतं.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. वारेतून साखर पार होते, आईचं इन्सुलिन जवळजवळ नाही. आईची साखर चढली की बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडतं, बाळ अंगानं फुगतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन तेवढंच राहतं आणि पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरते. म्हणून तासाभरात अंगावर पाजायचं. उलट, ज्या दुर्मिळ बाळांत स्वादुपिंडच नसतं ती जन्मतः फार किरकोळ असतात. आईचं इन्सुलिन पुरत असतं तर ती अशी का राहिली असती?

‘सातव्या महिन्याआधी तपासू नका.’ पहिली तपासणी नाव नोंदवायला जाल त्याच भेटीत, दुसरी २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त. साखर १४० (मिलीग्रॅम/डेसीलिटर) किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. उपाशी राहावं लागत नाही. बार्शीहून भाकरी-चटणी खाऊन सकाळच्या एसटीनं आलेल्या बाईचीही त्याच दिवशी होते.