पाचव्या भागाची वाट कशी पाहावी : बेळगावकरांसाठी काही सूचना

एज ऑफ एम्पायर्स, म्हणजे कॉम्प्युटरवर साम्राज्य उभारून लढायचा तो गेम, त्याच्या पाचव्या भागाची वाट पाहायचं तुम्ही ठरवलं असेल, तर आधी अभिनंदन. कंपनीनं घोषणा केली आहे का, असले बालिश प्रश्न विचारत बसू नका. वाट पाहायला घोषणा लागत नाही, हे बेळगावच्या माणसाला बाहेरून कुणी येऊन सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून महाराष्ट्रात जायची वाट पाहणं आपल्या घराघरांत चालू आहे. आजोबांनी पाहिली, वडिलांनी पाहिली, २००४ पासून आपण सुप्रीम कोर्टाच्या तारखा पाहतोय. एका गेमची वाट म्हणजे आपल्याला चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ. पुण्यातली पोरं दोन वर्षांत चिडचिडी होतात. सराव नाही बिचाऱ्यांना.

वाट पाहणाऱ्याला इतिहास तोंडपाठ हवा. पहिला भाग १९९७, दुसरा १९९९, तिसरा २००५. मग जानेवारी २००९ मध्ये हे सगळं घडवणारा एन्सेम्बल स्टुडिओच बंद पडला. इथं आवाज जरा खाली आणायचा, दिवंगत काकांबद्दल बोलताना आणतो तसा. चौथ्याची घोषणा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली आणि तो हातात आला २८ ऑक्टोबर २०२१ ला. तिसऱ्यापासून मोजलं तर सोळा वर्षं. तेवढ्यात आपल्याकडे सुवर्ण विधानसौध बांधून झाली, गावाचं नाव कागदोपत्री बदलून झालं, वर्गातल्या निम्म्या पोरांची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत गेली.

दुसरा भाग सर्वोत्तम, हे कुणी विचारायच्या आधीच सांगून टाका. तिसरा खेळला नसाल तरी बिघडत नाही, तो बिघडलेला होता एवढं ठामपणे म्हणा. चौथ्याबद्दल मत देताना फक्त उसासा टाका. उसाशाला कुणी पुरावा मागत नाही.

यानंतर आठवणी. त्यात सायबर कॅफे आलाच पाहिजे. बोळातला, जिना चढून जायचा, प्लायवूडच्या खोपट्यांचा, भर जुलैत ओल्या रेनकोटांचा वास मारणारा. जर्नल पूर्ण करायला मित्राकडे जातो असं सांगून आपण तिथं बसायचो आणि पहिली वीस मिनिटं कुणी कुणावर हल्ला करायचा नाही असा करार व्हायचा. अठराव्या मिनिटाला कुणीतरी तो मोडायचा. ट्रेबुशे या दगडफेक्या यंत्राच्या नावाचा उच्चार आम्ही ट्रेबुचेट असा करत होतो आणि तेवढ्यावर सुखी होतो. रानडुक्कर टाऊन सेंटरपर्यंत, म्हणजे आपल्या गावाच्या मुख्य इमारतीपर्यंत, ओढत आणायला गेलेला व्हिलेजर, म्हणजे आपला कामकरी, वाटेतच खलास झाला की शेजारच्या खोपट्यातून आवाज यायचा, "काय करूलास गा? एक डुक्कर आणायला जमत नाही व्हय तुला?" इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत माझा एवढा जाहीर अपमान एकाही तोंडी परीक्षेत झाला नाही. (तोंडी परीक्षा चांगल्या गेल्या असं मी म्हटलेलं नाही.)

आणि वोलोलो विसरू नका. पहिल्या भागातला तो पुजारी हात वर करून वोलोलो म्हणायचा आणि समोरचा निळा शिपाई बघता बघता लाल होऊन आपल्या बाजूला यायचा. आपल्याकडे दुकानाची पाटी बदलायला साठ टक्के कन्नडचा कायदा करावा लागला. तिथं एक म्हातारा पुरायचा.

आता मागण्या. इथं मन मोठं ठेवा. नवा भाग संपूर्ण नवा हवा आणि हुबेहूब दुसऱ्यासारखा हवा. चित्रं झकास हवीत, पण घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालली पाहिजेत. दुसऱ्या भागाला ३२ एमबी रॅम पुरत होती, चौथ्यानं किमान ८ जीबी रॅम आणि ५० जीबी जागा मागितली. पाचवा काय मागेल याचा अंदाज घेऊन आतापासूनच घरी वातावरण तयार करा. "ऑफिसच्या कामाला लागतंय," हे वाक्य बायकोसमोर सलग सहा महिने म्हणायचं आहे.

सगळ्यात नाजूक मागणी मराठ्यांची. १९९९ च्या दुसऱ्या भागात हत्ती होते, पण पर्शियनांचे. आपण तेही आपलेच समजून चालवले. पुढे २०२२ मध्ये त्याच भागात भारताचे तुकडे पाडून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी मांडणी आली. बंगाली सुखी, गुजराती सुखी. आपण यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. भाषावार प्रांतरचनेनंतरसुद्धा आपली माणसं नकाशा अशीच वाचत बसली असणार. शेवटी भूगोलाला मान देऊन द्रविड घ्यावेत, तर शेजारी बसलेला कन्नड दोस्त खांद्यावर हात टाकून म्हणतो, "बारलेऽ, आलास की शेवटी!" म्हणून पाचव्यात मराठे हवेतच. बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याचा नकाशाही मागून ठेवा. मागायला पैसे पडत नाहीत, निवेदनं द्यायची सवय आपल्याला आहेच.

दोस्ताचा विषय निघालाच आहे तर सांगतो, वाट एकट्यानं पाहू नका. शनिवारी रात्री त्याला घरी बोलवा, कुंदा आणायला सांगा आणि तोवर दुसरा भागच लावा. दोघं एका बाजूला, कॉम्प्युटर विरुद्ध. सुरुवातीला प्रेम उतू जातं. त्याला सोनं हवं असेल तर पाठवा, वाटेत तीस टक्के कर कापला जातो. हायवेच्या नाक्यावरसुद्धा एवढा कुणी घेत नाही. मग नकाशाच्या मधोमध सोन्याची एक खाण सापडते. त्याच्या टाऊन सेंटरपासून ती जितकी दूर, तितकीच तुमच्याही. तुम्ही म्हणता आधी मी पाहिली. तो म्हणतो माझा व्हिलेजर तिथं आधीपासून लाकडं तोडत होता, खानेसुमारी कर. तुम्ही चहा ओतेपर्यंत तो खाणीभोवती लाकडी कुंपण घालून मोकळा होतो. तुम्ही कुंपणाच्या भोवती दगडी भिंत घालता. खाण आत, त्याचे चार व्हिलेजर आत, बाहेर तुमची फौज, आणि मूळचा शत्रू कोपऱ्यात निवांत शेती करतोय.

दोन वाजता आतून आई ओरडते, "झोपूलासा का नाही रे दोघं?" गेम सेव्ह करा. फाईलला नाव काय द्यायचं, असं तो विचारेल.

"सीमाप्रश्न," म्हणा. "पुढच्या शनिवारी बघू."